‘यांची’ की ‘याची’? जुन्या मॉनिटरचा फोकस जुळवताना

(आजच्या भागाचा लिखित मजकूर. बोलताना झालेलं अडखळणं आणि मध्येच वाजलेला फोन तेवढा काढलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

मागच्या आठवड्यात सेनगावहून एका श्रोत्याचा प्रश्न आला. घरी जुना डब्बा मॉनिटर आहे, चालू आहे, पण अक्षरं पुसट दिसायलीत. आत फोकसचा एक स्क्रू असतो म्हणे, तो फिरवू का?

फिरवता येतो. पाच मिनिटांचं काम आहे. पण त्या पाच मिनिटांत जीवही जाऊ शकतो, आणि बऱ्याच वेळा दोष त्या स्क्रूत नसतोच. म्हणून आजचा अख्खा भाग त्या एका स्क्रूवर. आणि हे मी पुस्तकातून सांगत नाहीये. मागच्याच पावसाळ्यात वसमतला एका छापखान्यात मी स्वतः याच्यात फसलो, ते आधी सांगतो.

मोंढ्यापासून जवळच छोटा छापखाना आहे. तिथे एक काका गेली वीस-बावीस वर्षं डीटीपी करतात. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, दशक्रियेची कार्डं. त्यांचा संगणक अजून जुना, त्यावर विंडोज ९८ आणि मराठी फॉन्टचं डोंगलवर चालणारं सॉफ्टवेअर. ते डोंगल नव्या मशीनला लागत नाही, आणि वीस वर्षांचे पत्रिकांचे नमुने त्याच फॉन्टमध्ये पडलेले. म्हणून मशीन तेच, न् समोर मॉनिटरही तोच, १५ इंची काचेचा.

जूनच्या शेवटच्या तिथींची घाई चालली होती. एका पत्रिकेत आजोबांच्या नावापुढे ‘यांची नात’ असं पाहिजे होतं, छापून आलं ‘याची नात’. गिऱ्हाइकानं घाईत स्क्रीनवरच बघून हो म्हटलं, कागदावर प्रूफ काढलंच नाही. तीनशे पत्रिका. मुलीचा चुलता दुकानात येऊन उभा राहिला, “आमच्या म्हाताऱ्याला अरे-तुरे करायलाव का?” आता तुम्हाला माहितीये, आपल्याकडं पत्रिकेतला अनुस्वार म्हणजे नुसतं टिंब नसतं, तो मान असतो. पत्रिका परत छापाव्या लागल्या, कागद छापखान्याचा गेला.

मी जुलैत गेलो तेव्हा काका म्हणाले, “डोळे गेले बाबा आता. दोनदा नंबर बदलला, तरी दिसंना झालंय. दिवाळीपर्यंत करतो न् बंद करतो.”

मी त्यांच्या खुर्चीत बसलो. मलाही दिसेना. मग छापलेली एक पत्रिका मॉनिटरच्या शेजारी, तेवढ्याच अंतरावर धरली आणि म्हटलं, काका हे वाचा. त्यांनी खाली बारीक अक्षरात छापलेला छापखान्याचा पत्ताही वाचला.

ही झाली पहिली तपासणी. फुकटची आहे. शेजारचा कागद स्पष्ट आणि स्क्रीन पुसट, तर चष्म्याच्या दुकानात परत जाऊ नका.

आता हा मॉनिटर आतून काय करतो ते थोडक्यात, कारण ते कळल्याशिवाय स्क्रू फिरवणं म्हणजे अंदाजपंचे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यानं १८९७ साली ही नळी पहिल्यांदा केली. आपण पिक्चर ट्यूब म्हणतो तीच. ट्यूबच्या बारक्या मानेत इलेक्ट्रॉनची बंदूक असते. रंगीत मॉनिटरमध्ये तीन: लाल, हिरवा, निळा. तिथून निघालेला झोत समोरच्या काचेवर आतून लावलेल्या लेपावर आदळतो आणि तिथे ठिपका उजळतो. मानेवर बसवलेलं तांब्याच्या तारेचं वेटोळं, ज्याला योक म्हणतात, ते हा झोत डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली पळवतं. सेकंदाला साठ, पंचाहत्तर, पंच्याऐंशी वेळा अख्खा पडदा रंगवून होतो.

पण इलेक्ट्रॉन सगळे ऋण भाराचे. एकमेकांना ढकलतात, म्हणून झोत पसरत जातो. त्याला परत गोळा करायला बंदुकीतच पुढे एक धातूची नळी असते, तिच्यावर काही हजार व्होल्ट दिलेले असतात. लहानपणी भिंगानं उन्हात कागद जाळलाय ना? भिंग मागंपुढं करत एका जागी ठिपका सगळ्यात बारीक होतो. इथे भिंग हलवता येत नाही, म्हणून त्याची ताकद बदलायची, म्हणजे व्होल्टेज कमीजास्त करायचं. फोकसचा स्क्रू म्हणजे एवढंच. १५-१७ इंची रंगीत मॉनिटरमध्ये काचेच्या बाजूला साधारण २४-२५ हजार व्होल्ट असतात, आणि फोकसला त्याच्या पाव हिश्शाच्या आसपास.

हे सगळं व्होल्टेज तयार करतो तो काळा ठोकळा, ज्याला आपले मेकॅनिक लोक ईएचटी म्हणतात, कोणी एलओटी म्हणतात. त्यातून जाड लाल वायर निघून ट्यूबच्या डोक्यावर रबरी टोपीखाली जाते. त्याच ठोकळ्याच्या अंगावर दोन स्क्रू असतात. सहसा वरचा फोकस, खालचा स्क्रीन. जवळ बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, ते वाचूनच हात लावा. मॉनिटर बदलला की जागाही बदलू शकते. या दोघांत गल्लत करणारे लई बघितलेत मी. स्क्रीनचा स्क्रू वाढवला की चित्र भगभगीत उजळतं, काळं राखाडी होतं आणि आडव्यातिडव्या पांढऱ्या रेघा दिसायला लागतात. गिऱ्हाईक म्हणतं, वा, उजेड वाढला! तसाच ठेवला तर ट्यूब लवकर संपते.

बरं, तर आता झाकण उघडण्याच्या आधी. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण चारातल्या तिघांचं काम इथेच होतं.

पुसट दिसण्याचे प्रकार वेगवेगळे असतात, आणि आपल्या देवनागरीत ते इंग्रजीपेक्षा लवकर पकडता येतात. कसं, ते सांगतो. शिरोरेषा ही आडवी रेघ. झोत एका दमात ती ओढत जातो, मध्ये फार चालू-बंद व्हावं लागत नाही. काना ही उभी रेघ. तिच्यासाठी प्रत्येक ओळीत झोत क्षणभर पेटून विझावा लागतो. म्हणून शिरोरेषा धारदार पण काने पसरलेले, किंवा प्रत्येक कान्याच्या उजवीकडे फिकट सावली, तर फोकसला हात लावू नका. ती केबल आहे, नाहीतर व्हिडिओचं सर्किट. स्वस्तातली लांब केबल काढून चांगली लावा, सावली गेली तर गेली. शिरोरेषा आणि काना दोन्ही सारखेच जाड, लोणी लावल्यासारखे, तर मग फोकसचा संशय घ्या.

पांढऱ्या अक्षराला एका बाजूनं लाल आणि दुसऱ्या बाजूनं निळी कड दिसत असेल तर तीन झोत एका जागी येत नाहीयेत. त्याला कन्व्हर्जन्स म्हणतात. मानेवरच्या चकत्या कारखान्यात जुळवून रंगाचा ठिपका लावून पक्क्या केलेल्या असतात. त्या फिरवू नका, मंडळी. मी एकदा फिरवल्या होत्या. पूर्ण दोन दिवस गेले आणि पहिल्यासारखं झालंच नाही.

फक्त उजळ भाग पसरतोय आणि मंद भाग ठीक, तर आधी ब्राइटनेस-कॉन्ट्रास्ट खाली आणा. झोत जितका जाड तितका ठिपका मोठा. ट्यूब म्हातारी झाली असेल तर हे जास्त जाणवतं, आणि त्यावर स्क्रूचा इलाज नाही.

आणखी एक. १५ इंची ट्यूबचं दिसणारं क्षेत्र असतं १४ इंचाच्याही आत, आणि ठिपक्यांची जाळी बहुतेक ०.२८ मिलिमीटरची. हिशोब केला तर आडव्या रांगेत जेमतेम हजार-अकराशे रंगीत ठिपके बसतात. त्यावर १०२४ बाय ७६८ लावलं की अक्षर जाळीच्या मर्यादेवर येतं. ८०० बाय ६०० वर आणा, रिफ्रेश ७५ किंवा ८५ वर ठेवा. तेवढ्यानं कितीतरी ‘फोकस गेलेले’ मॉनिटर बरे झालेत. स्पीकर आणि स्टॅबिलायझरही मॉनिटरला चिकटून ठेवू नका.

काकांकडे हे सगळं बघितलं. केबल बदलली, फरक नाही. रिझोल्यूशन आधीपासून ८०० बाय ६०० च. रंगीत कड नाही. शिरोरेषाही जाड, कानाही जाड. म्हटलं, फोकसच.

इथे जरा थांबतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा झाला, आणि २००१ पासून एमएस-सीआयटी सुरू झालं. त्या दोन-चार वर्षांत आपल्याकडे एकदम संगणक आले, ऑफिसांत आणि क्लासेसमध्ये. मॉनिटर आले म्हणजे बिघाडही आले. मी तेव्हा एका दुकानात शिकत होतो. ईएचटीची रबरी टोपी काढायची होती. मॉनिटर बंद, वायर भिंतीतून काढलेली, म्हणून मी निवांत हात घातला. काय झालं ते कळलंच नाही. हात आपोआप मागं फेकला गेला आणि आतल्या पत्र्यावर घासून बोटांची सालं निघाली. टाके पडले. दंड दोन दिवस बधिर होता. आणि मी नशीबवान, कारण दुसरा हात पत्र्याला टेकलेला नव्हता.

पिक्चर ट्यूब ही स्वतःच मोठा कपॅसिटर असते. काचेच्या आत एक लेप, बाहेर काळा लेप, मध्ये काच. मॉनिटर बंद केल्यावरही त्यात भार राहतो, कधी कधी दिवसेंदिवस. बऱ्याच मॉनिटरमध्ये तो आपोआप हळूहळू उतरतो, पण कोणत्या उतरेल आणि कोणत्या नाही हे बाहेरून कळत नाही. त्याशिवाय पॉवर सप्लायचा मोठा कपॅसिटर असतो, २३० व्होल्टचं सरळ करून त्यावर ३२५ च्या आसपास बसलेलं असतं. माणूस मारायला तेही पुरतं.

म्हणून आत हात घालून काही काढायचं असेल तर आधी भार उतरवायचा. मुठीवर जाड प्लास्टिक असलेला लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा. त्याच्या दांड्याला एक वायर, वायरचं दुसरं टोक चिमट्यानं ट्यूबच्या मागे काळ्या लेपावर ताणलेल्या उघड्या विणलेल्या तारेला. आधी ही तार जोडायची, मगच टोक रबरी टोपीखाली सरकवायचं. ‘टक’ असा आवाज येतो, कधी येतही नाही. दहा-पंधरा मिनिटांनी परत तेच करायचं, कारण थोडा भार पुन्हा वर येतो. हे पहिल्या वेळी एकट्यानं करू नका. ज्यानं टीव्ही दुरुस्तीत केस पांढरे केलेत अशा कोणाला तरी शेजारी उभं करा. वसमत, कळमनुरी, औंढा, प्रत्येक गावात अजून एखादा तरी असा मिळेल.

फोकस मात्र चालू मॉनिटरवरच जुळवावा लागतो, दुसरा मार्ग नाही. त्याची माझी पद्धत अशी.

झाकण काढून मॉनिटर चालू करायचा आणि अर्धा तास सोडून द्यायचा. थंड ट्यूबवर जुळवलेला फोकस गरम झाल्यावर सरकतो. समोर आरसा उभा करायचा, म्हणजे मागे उभं राहून पडदा दिसतो. वाकून-वाकून पुढं बघायच्या नादात कोपर कुठं टेकतं ते कळत नाही. लाकडी स्टूल, पायात कोरडी चप्पल, हातातलं कडं-अंगठी-घड्याळ काढलेलं. आणि डावा हात खिशात. खरंच खिशात. एका हातातून शिरून दुसऱ्या हातातून निघणारा करंट छातीतून जातो. स्क्रूड्रायव्हर पूर्ण प्लास्टिकचा. आपल्याकडं टेस्टरनं सगळं करायची सवय आहे, पानापासून पंख्यापर्यंत. इथे टेस्टर अजिबात नको.

स्क्रूची आत्ताची जागा मार्करनं खूण करून ठेवा. बिघडलं तर परत यायला वाट पाहिजे.

पडद्यावर काय लावायचं? इंटरनेटवर इंग्रजी अक्षरांचे नमुने असतात, ते सोडा. आपल्याला जे वाचायचंय ते लावा. मी १२ पॉइंटमध्ये अख्खं पान भरतो: घ ध, म भ, थ य, प ष, द्व द्ध द्द, धर्म, मंद मद, यांची याची. आरशात अक्षरं उलटी दिसतात म्हणून शेवटी कोणीतरी समोर बसून वाचलेलं बरं. काळ्यावर पांढरं नव्हे, पांढऱ्यावर काळं, कारण काम त्याच्यावरच करायचंय आणि ब्राइटनेसही रोजच्याइतकाच ठेवायचा. घ आणि ध च्या वरची फट उघडी दिसली, आणि अनुस्वार शिरोरेषेपासून सुटा दिसला, की आपण पोचलो.

स्क्रू अगदी केसभर फिरवायचा. एका बाजूला सुधारतं, मग बिघडायला लागतं, मग परत थोडं मागं. एक गोष्ट लक्षात ठेवा, मध्यभाग आणि कोपरे एकाच वेळी पूर्ण चांगले होत नाहीत. बंदुकीपासून कोपरा लांब, मध्य जवळ. भिंतीवर बॅटरीचा झोत तिरका टाकला की लांबट होतो, तसं. चांगल्या मॉनिटरमध्ये झोत कडेला जाताना फोकसचं व्होल्टेज आपोआप बदलतं, पण तरी तडजोड उरतेच. मी मध्य आणि कोपरा यांच्यामधल्या जागेवर जुळवतो. बरेच जण मधलं अक्षर बघून खूश होतात, मग मेन्यू वाचताना परत बोंब. १७ इंचीत कधी दोन फोकस असतात, एक मुख्यतः उभ्या रेघांवर काम करतो, दुसरा आडव्या. तिथे काना आणि शिरोरेषा आलटून-पालटून बघत दोन-तीन फेऱ्या माराव्या लागतात.

भिंग लावून काचेजवळ बघू नका, फसाल. काचेवरचे रंगीत ठिपके कायम धारदारच दिसतात, फोकस असो वा नसो. अक्षराची कड बघायची, ठिपका नाही.

काकांचा फोकस जुळला. काका समोर बसून म्हणाले, “आरं, रफार दिसायला की!” मी चहा घेतला, पैसे घेतले नाहीत, हिंगोलीला परतलो. एकदम हिरो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला फोन. परत तेच, पुसट. म्हटलं बघतो. दुपारी एकला परत फोन, आता आपोआप चांगलं झालंय, येऊ नको. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पुसट.

इथे माझी चूक मला कळली. स्क्रू खराब असता तर सकाळ-दुपार असा फरक पडला नसता. सकाळी बिघडतं आणि दुपारी सुधारतं म्हणजे ओल. मी पहिल्या दिवशी दुपारी गेलो होतो, आणि अर्धवट वाळलेल्या अवस्थेत फोकस जुळवून आलो होतो.

परत गेलो, या वेळी भार उतरवून नीट उघडलं. ट्यूबच्या मानेच्या टोकाला जो सॉकेट बसतो, ज्याला बेस म्हणतात, तो सरळ मागे ओढून काढला. तो वळवायचा नाही, तिथली काच पातळ असते आणि आत निर्वात पोकळी आहे, मान तुटली की ट्यूब मेली. बेसमध्ये फोकसच्या पिनेसाठी वेगळा कप्पा असतो, कारण तिथेच ते हजारो व्होल्ट येतात. तो कप्पा उघडला तर आत पितळ हिरवं पडलेलं आणि सगळीकडे पिवळी भुकटी. हळद!

मोंढ्याशेजारचा छापखाना. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आपण कौतुक केलं, पण हळद वाळल्यावर पॉलिश करताना जी धूळ उडते ती कुठं जाते? उच्च दाबाचा भाग धूळ ओढूनच घेतो, टीव्हीची काच कशी धुळकट होते तसं. उन्हाळाभर ती भुकटी आत साचली, तोवर कोरडी होती म्हणून चाललं. पावसाळी हवा लागली, भुकटीनं ओल धरली, आणि फोकसचं व्होल्टेज त्या ओलीतून थोडं थोडं गळायला लागलं. मॉनिटर तापून आतलं वाळलं की गळती थांबायची. म्हणून दुपारी चांगलं.

मऊ कोरड्या ब्रशनं आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ केलं, दोन दिवस चाललं, परत तेच. गंज आत गेलेला. मग नांदेडच्या भंगारातून एक मेलेला मॉनिटर आणला, त्याचा बेस पिना मोजून, जुळतोय बघून काढला आणि सोल्डर केला. नवा बेस बसल्यावर माझा आधीचा फोकस चुकीचा ठरला. परत आरसा, परत डावा हात खिशात. शेवटी स्क्रू जिथं थांबला ती जागा मूळ खुणेपासून अगदी थोडी दूर होती. म्हणजे पहिल्या दिवशी मी जे जुळवलं ते दोष झाकायचं काम होतं.

तेव्हा सेनगावच्या दादांनो, तुमच्यासाठी: मॉनिटर सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळा बघा आणि मला लिहा. सकाळी पुसट, तासाभरानं बरा, तर बेस. तापल्यावर उलट बिघडत जातो, किंवा स्क्रू फिरवला की क्षणभर सुधारतो न् परत सरकतो, तर ईएचटीच्या आतली फोकसची साखळी गेलीय, तो ठोकळाच बदलावा लागतो आणि आता तो मिळणं अवघड. कायम सारखाच पुसट असेल तरच स्क्रू. आणि टाकून द्यायचं ठरलं तर काच फोडून उकिरड्यावर नको, त्या काचेत शिसं असतं.

काकांनी दिवाळीनंतरच्या तिथींची कामं घेतलीत. मॉनिटरवर आता रात्री जुनं धोतर टाकतात, हळदीपासून. आणि कागदी प्रूफ काढल्याशिवाय कोणालाच छापून देत नाहीत, चुलता असो की आजोबा.

पुढच्या भागात डॉट मॅट्रिक्स प्रिंटरची रिबन घरी शाईनं कशी भरायची ते बघू. हात काळे होतील, बाकी धोका काही नाही. येतो.